घर आमचं, कर्ज आमचं, मग कागद आमच्या हातात का नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानांवर बारीक टाइपात 'ताबा सूचना' आणि 'जाहीर लिलाव' अशा नोटिसा येतात, त्या मी हल्ली रोज वाचतो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हापासून ही सवय लागली, कारण त्यात बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, विरार, नालासोपारा हीच नावं सारखी येत असतात. कर्जदाराचं नाव, सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव, फ्लॅट नंबर, विंग, सर्व्हे नंबर, थकबाकी एवढी एवढी आणि खाली अधिकृत अधिकारी म्हणून कुणाची तरी सही. कायद्यानेच ही नोटीस दोन पेपरांत छापावी लागते आणि त्यातला एक स्थानिक भाषेतला असावा लागतो. म्हणजे बघा, पंधरा-पंधरा वर्षं हप्ते भरले तरी ज्या माणसाला बँकेने एक कागद मराठीत दिला नाही, त्याच्या कर्जाचा पहिला मराठी कागद निघतो तो घर जायच्या वेळी, आणि तोही सगळ्या गावाने वाचावा म्हणून. मला याचा फार त्रास होतो, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा मोठं झालंय, पण कापू नका ही विनंती.

सेक्रेटरीकडे सगळ्यांचे कागद येतात. लोन घेताना सोसायटीची एनओसी लागते, मग बँकेचं पत्र येतं की या फ्लॅटवर आमचा बोजा आहे तो तुमच्या रजिस्टरला नोंदवा, फ्लॅट विकायचा झाला की नो ड्यूज लागतं. त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते इच्छा नसली तरी कळतंच. आणि एक गोष्ट मला पक्की दिसलीये की लोक हप्ता चुकवत नाहीत, पोटाला चिमटा काढतात पण पाच तारखेला खात्यात पैसे ठेवतात, पण स्वतःच्या कर्जाचं नेमकं काय झालंय हे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही, कारण त्यांच्याकडे कागदच नसतो. सँक्शन लेटरची झेरॉक्स असते कुठेतरी कपाटात, अ‍ॅग्रीमेंटची कॉपी नसते, मधे काही बदललं असेल तर त्याचं पत्र नसतं.

बी विंगमधले एक गृहस्थ आहेत, अंबरनाथ एमआयडीसीत नोकरीला. २०२१ च्या शेवटी त्यांनी होमलोन घेतलं. मागे ते स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काका, जरा बघा ना, इतकी वर्षं भरतोय पण मुद्दल हलतच नाहीये." हप्ता तर पहिल्या दिवसापासून तोच होता, त्यामुळे त्यांना वाटत होतं सगळं ठीक आहे. घोळ तिथेच आहे.

मी त्यांना जे गणित करून दाखवलं ते इथे गोल आकड्यांत देतो, म्हणजे वाचकांना स्वतःचं ताडून बघता येईल. समजा ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, व्याज ६.७५ टक्के. हप्ता बसतो २२,८११ रुपये. तेव्हा रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, ४ टक्के होता. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने तो वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर नेला, म्हणजे कर्जाचं व्याज अडीच टक्क्यांनी वाढून ९.२५ झालं. तोपर्यंत मुद्दल फिटून समजा २९ लाख ४० हजार शिल्लक राहिलं. आता २९ लाख ४० हजारावर ९.२५ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज काढा, २२,६६२ रुपये येतं. हप्ता २२,८११. म्हणजे दर महिन्याला तेवीस हजाराच्या आसपास पैसे जातायत आणि त्यातले जेमतेम दीडशे रुपये मुद्दलात वळते होतायत! याच हप्त्याने कर्ज फेडायचं म्हटलं तर आणखी साडेसहाशेच्या वर हप्ते लागतात, चोपन्न वर्षं. चाळिशीत कर्ज घेतलेला माणूस फेडणार कधी? बँका एवढी मुदत देत नाहीत, वयाची अट आडवी येते, म्हणून मग मधेच एक दिवस हप्ता धाडकन वाढतो आणि लोकांना वाटतं बँकेने फसवलं. त्याऐवजी तेव्हाच कुणी समोर बसून सांगितलं असतं की उरलेल्या १९ वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण साडेचार हजाराने वाढेल, तर निदान विचार तरी करता आला असता, पीएफमधून थोडे काढून मुद्दलात भरता आले असते, बायकोचे दागिने मोडायचे का नाही ते ठरवता आलं असतं. तो निर्णय त्या घराचा होता. तो त्यांना न विचारता कॉम्प्युटरने घेतला, मुदत वाढवली, आणि मोबाइलवर एक इंग्रजी एसएमएस पाठवला जो ओटीपी आणि ऑफरच्या मेसेजमधे वाहून गेला.

बरं, असं करू नका असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे. त्यात स्पष्ट आहे की व्याज रिसेट होताना, म्हणजे दर बदलताना, कर्जदाराला निवड द्यायची, हप्ता वाढवायचा का मुदत वाढवायची का दोन्ही थोडं थोडं, मधे कधीही थोडे किंवा सगळे पैसे भरायची मुभा द्यायची, बँकेच्या धोरणाप्रमाणे फिक्स्ड रेटवर जायचा पर्याय द्यायचा (ऑक्टोबर २०२५ पासून हा पर्याय देणं बँकांच्या मर्जीवर आहे), आणि मुदत एवढी ताणायची नाही की हप्त्यात व्याजसुद्धा भागणार नाही. दर तिमाहीला एक साधं कळेल असं स्टेटमेंट द्यायचं ज्यात आतापर्यंत किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं, हप्ता किती, हप्ते उरले किती आणि व्याजाचा वार्षिक दर किती हे सगळं असेल. जुन्या कर्जांनासुद्धा ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत हे लागू करायचं होतं. आमच्या सोसायटीत मी विचारत फिरलो, असं तिमाही स्टेटमेंट हातात आलंय असं सांगणारा एकही जण भेटला नाही. "अ‍ॅपवर आहे" हे उत्तर मिळतं. अ‍ॅपवर असेलही, पण ज्या माणसाला अ‍ॅपमधे कुठे शोधायचं ते माहीत नाही त्याच्यापर्यंत ते पोचलं असं कसं म्हणायचं?

अजून एक. २०२५ मधे रेपो रेट उतरत उतरत ६.५० वरून ५.२५ वर आला. ज्यांचं कर्ज बँकेचं आहे आणि रेपोशी जोडलेलं आहे त्यांचा दर खाली यायला पाहिजे, बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग (बदलत्या दराचं) होमलोन रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावंच लागतं आणि तीन महिन्यांतून एकदा तरी रिसेट करावं लागतं. पण आमच्या पट्ट्यात बऱ्याच जणांचं लोन हाउसिंग फायनान्स कंपन्यांचं आहे, कारण पगाराची स्लिप नसली, धंदा छोटा असला की बँक उभं करत नाही. या कंपन्यांना रेपोशी जोडायची सक्ती नाही, त्या स्वतःच्याच दराने चालतात, त्यामुळे वाढताना पटकन वाढतं आणि उतरताना उतरत नाही. नवीन ग्राहकाला कमी दर आणि जुन्याने मागितला तर म्हणे कन्व्हर्जन फी भरा. फी भरून फायदा होत असेल तर भरा, पण आधी लेखी आकडा मागा की नवीन दराने किती हप्ते कमी होतील. तोंडी सांगितलेल्याला काही अर्थ नसतो.

आता रिस्ट्रक्चरिंगचं, म्हणजे अडचणीत कर्जाचा हप्ता-मुदत नव्याने बांधून देतात त्याचं, सांगतो, माझ्या मते सगळ्यात जास्त अंधार तिथे आहे.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी. त्यांचे मिस्टर स्कूलबस चालवायचे, स्वतःची बस होती. मार्च २०२० मधे शाळा बंद झाल्या. मार्च ते ऑगस्ट सहा महिने मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, घेतला, सगळ्यांसारखाच. तेव्हा लोकांना वाटलं हप्ते माफ झाले, तसं काहीच नव्हतं, व्याज चढतच होतं (व्याजावरचं व्याज लावायचं नाही हे सुप्रीम कोर्टाने २३ मार्च २०२१ ला सांगितलं, ते वेगळं). शाळा काही पुढच्या वर्षीही नीट उघडल्या नाहीत. मे २०२१ मधे रिझर्व्ह बँकेने दुसऱ्या लाटेसाठी रिस्ट्रक्चरची परत सोय काढली, दोन वर्षांपर्यंत सवलत देता येत होती. योजना चांगली होती, मी तिला नावं ठेवणार नाही, तिच्यामुळे कितीतरी घरं वाचली. पण ती राबवली कशी? एक एजंट घरी आला, गठ्ठा काढला, जिथे जिथे पेन्सिलने फुली मारली होती तिथे दोघांच्या सह्या घेतल्या, "भाऊ, हे नुसतं फॉर्म्यालिटीसाठी आहे" म्हणाला आणि गेला. कॉपी नाही, पोच नाही. हप्ता कमी झाला यातच ते दोघं खूश होते.

२०२३ मधे मिस्टर गेले, हार्ट अ‍ॅटॅकने. वहिनींना आठवत होतं की लोन घेताना इन्शुरन्स काढला होता, प्रीमियमसुद्धा एकरकमी लोनमधेच मिळवला होता, म्हणजे त्या प्रीमियमवरही व्याज भरलंय. त्यांना वाटलं निदान कर्ज तरी मिटेल. क्लेम मंजूर झाला पण कर्जाएवढा नाही! कारण ही जी लोनसोबतची पॉलिसी असते ना, तिचं कव्हर दरवर्षी कमी होत जातं, आणि ते कमी होतं मूळच्या तक्त्याप्रमाणे. कर्ज रिस्ट्रक्चर होऊन मुद्दल वाढलं, मुदत वाढली, पण पॉलिसी जुन्याच तक्त्यावर चालत राहिली. दोन्हींमधे जी फट पडली ती वहिनींच्या अंगावर आली. पोळीभाजी केंद्रावर काम करणारी बाई, दोन मुलं शाळेत.

मी त्यांच्याबरोबर शाखेत गेलो. रिस्ट्रक्चरचं पत्र दाखवा म्हटलं. तिथला मुलगा चांगला होता, पण त्याच्याकडेही कागद नव्हता, "हेड ऑफिसला असेल". लेखी अर्ज दिला, अर्जावर शिक्का घेतला, आणि बरेच खेटे घातल्यावर स्कॅन केलेली कॉपी ईमेलवर आली. ती मी प्रिंट काढून बघितली. सह्या निळ्या पेनाच्या. आणि नवीन मुदत, व्याजदर, तारीख हे सगळं काळ्या पेनाने, वेगळ्या अक्षरात, नंतर भरलेलं. एका पानावर तारखेची जागा अजूनही कोरीच होती. मराठी एक अक्षर नाही. "कर्जदाराला सर्व अटी त्याच्या भाषेत समजावून सांगितल्या आहेत" असं मात्र इंग्रजीत छापलेलं होतं आणि त्याखाली मिस्टरांची सही होती. वहिनी ते पान बराच वेळ हातात धरून बसल्या, त्यांना सही ओळखता येत होती, बाकी काही वाचता येत नव्हतं.

कुठल्या कंपनीचं हे मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. ज्या ज्या घरात मी असे कागद बघितलेत तिथे थोड्याफार फरकाने हेच आहे.

या बाबतीतही नियम आहेत. कर्जाच्या कराराची कॉपी आणि त्याला जोडलेल्या सगळ्या कागदांची कॉपी कर्जदाराला द्यायचीच असते. पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा कर्जदाराला समजेल अशा भाषेत करायचा हे फायनान्स कंपन्यांच्या फेअर प्रॅक्टिस कोडमधे लिहिलेलं आहे. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन रिटेल कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं, सोप्या भाषेत, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर किती पडतो ते त्यात असतं, आणि त्यात नसलेला चार्ज कर्जदाराच्या संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला निदान कामकाजाचे तीन दिवस मिळतात, त्या दिवसांत त्या अटी बँकेला बदलता येत नाहीत. हे मराठीत मागा. हक्काने मागा. नवीन कर्ज घेणाऱ्यांनी तर हा कागद मिळाल्याशिवाय सहीच करू नये, मग एजंट कितीही घाई करो. बिल्डरच्या ऑफिसात बसून पटापट सह्या करायच्या आणि पेढे खायचे हे बंद करा.

व्याज कधीपासून लावलं तेही बघा. रिसेलचा फ्लॅट असेल तर चेक रजिस्ट्रेशनच्या दिवशी हातात मिळतो पण त्यावरची तारीख आठ-दहा दिवस आधीची असते आणि व्याज त्या तारखेपासून चालू होतं. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे चुकीचं म्हटलंय आणि जास्तीचं घेतलेलं व्याज परत करायला सांगितलंय. रक्कम मोठी नसते, दोन-चार हजार असेल, पण पहिल्याच महिन्यात ते मागितलं की शाखेतल्यांनाही कळतं की हा माणूस कागद वाचतो.

आता ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांचं. त्यांची तरी सुटका व्हायला हवी की नाही? आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक, मुलाकडे साताऱ्याला राहायला जायचं म्हणून फ्लॅट विकायला काढला. लोन पूर्ण भरलेलं, फोरक्लोजर लेटर हातात. पण मूळ अ‍ॅग्रीमेंट आणि शेअर सर्टिफिकेट बँकेकडे सापडेना. शाखा बदलली, सेंट्रल स्टोअरला गेलं, तिथून कुठल्या दुसऱ्या गावच्या गोदामात गेलं. गेल्या काही वर्षांत बँकांची विलीनीकरणं किती झाली बघा, १ एप्रिल २०२० ला तर दहा सरकारी बँका मिसळून चार झाल्या, शाखा बंद झाल्या, त्यात शिवाय एका कंपनीने दुसरीला कर्ज विकायचे प्रकार चालतात. या सगळ्या हलवाहलवीत फायली गहाळ होणारच. पण त्याची किंमत सरांनी का द्यायची? गिऱ्हाईक थांबायला तयार नाही, टोकन परत गेलं, आणि वर बँक म्हणते तुम्ही पोलिसात तक्रार करा, पेपरात जाहिरात द्या, सब-रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी काढा. सरांनी पेपरात जाहिरात दिली सुद्धा, स्वतःच्या पेन्शनमधून.

हे साफ चूक आहे. १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजाची नोंद काढायची. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. कागद हरवले किंवा खराब झाले तर डुप्लिकेट काढून द्यायला बँकेने मदत करायची आणि खर्च बँकेने करायचा, त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात, पण साठ दिवसांनंतर दिवसाचे ५,००० चालू. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे देणार याची पद्धत बँकेने आधीच ठरवून वेबसाइटवर टाकायची. सरांना मी हे परिपत्रक मराठीत लिहून दिलं आणि त्यांनी अर्जात दिवसाच्या ५,००० चा उल्लेख केला, त्यानंतर तोच गठ्ठा जो महिनोन् महिने सापडत नव्हता तो सापडला. भरपाई अजून दिलेली नाही, ती लढाई चालू आहे.

आणि कागद मिळाले म्हणजे काम संपलं असं समजू नका. कर्ज घेताना सब-रजिस्ट्रारकडे नोटीस ऑफ इंटिमेशन (फ्लॅट तारण ठेवल्याची सूचना) दाखल झालेली असते, सेरसाइच्या केंद्रीय रजिस्टरमधे तारणाची नोंद असते, सोसायटीच्या रजिस्टरला असते, स्वतंत्र घर किंवा प्लॉट असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा प्रॉपर्टी कार्डवर बोजा चढवलेला असतो. गावाकडे तर आजोबांनी फेडलेल्या कर्जाचा बोजा नातवाच्या काळातही सातबाऱ्यावर दिसतो. प्रत्येक ठिकाणची नोंद उतरली का हे बघा, बँकेकडून तसं पत्र घ्या आणि तलाठ्याकडे, आमच्यासारख्या सोसायटीकडे ते देऊन पोच घ्या.

ज्यांचे हप्ते थकलेत त्यांच्यासाठी दोन शब्द, आणि हे कृपया नीट वाचा. रजिस्टर एडीने पाकीट आलं की लोक घाबरून ते फोडतच नाहीत, वॉचमनकडेच ठेवतात. फोडा. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि मग सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस येते. या साठ दिवसांत तुम्हाला लेखी हरकत घेता येते, हिशोब चुकीचा आहे, भरलेले हप्ते धरले नाहीत, रिस्ट्रक्चरचा कागद मला दिलाच नाही, जे असेल ते लिहा, आणि बँकेला त्याचं १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हा हक्क कुणीच वापरत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे, कारण तेव्हा अजून घर हातात असतं. नंतर ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत डीआरटीमधे (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येतं, मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आहे, पण तिथे वकील लागतो, फी लागते. आणि पूर्ण पैसे भरून घर सोडवायची शेवटची वेळ म्हणजे लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत. आधी लोक समजायचे लिलाव होऊन विक्री पूर्ण होईपर्यंत सोडवता येतं, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसं राहिलं नाही आणि सप्टेंबर २०२३ मधे सुप्रीम कोर्टानेही ते पक्कं केलं. म्हणून म्हणतो ती बारीक टाइपातली नोटीस छापून यायच्या आत हालचाल करा.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा नियम आहे. लोकलमधे 'कर्जमुक्ती', 'लोन सेटलमेंट' असे स्टिकर असतात त्यांच्या नादी लागू नका, आधी फी मागतात आणि हप्ते बंद करा सांगतात. हप्ते बंद करू नका. भांडण चालू असलं तरी भरत राहा, नाहीतर खातं एनपीए होतं आणि तुमची बरोबर असलेली तक्रारसुद्धा मागे पडते.

तक्रारीचा रस्ता सरळ आहे. आधी बँकेकडे लेखी, पोच घेऊन. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस पोर्टलवर, एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार असेल तर ती नॅशनल हाउसिंग बँकेच्या पोर्टलवर. वहिनींची तक्रार आम्ही तिथेच केलीये, निकाल अजून यायचाय.

माझं मागणं मोठं नाहीये. कर्जात बदल झाला, दर असो, मुदत असो, रिस्ट्रक्चर असो, तर त्याचा एक पानाचा कागद मराठीत, आकडे आधीच छापलेले, तारीख घातलेली, कर्जदाराच्या घरी पोस्टाने यावा आणि त्याच्या सहीशिवाय बदल लागू होऊ नये. कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्या एजंटवर आणि तो कागद स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यावर, दोघांवर कारवाई व्हावी. राज्य सरकार मराठीबद्दल एवढं बोलतं, त्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत हा एक विषय घेऊन बघावा. आपल्या आमदार-खासदारांनीही घ्यावा, उद्घाटनांना येतात तेव्हा आम्ही विचारणार आहोत.

आणि एक विनंती तुम्हाला, संपादक साहेब. ताबा सूचना ही तुमच्याकडे जाहिरात म्हणून येते, तिचा मजकूर तुम्हाला बदलता येणार नाही हे मला कळतं. पण त्याच पानावर रोज एक छोटी चौकट टाका, दहा ओळींची, की अशी नोटीस आली तर कर्जदाराला कुठल्या मुदतीत काय करता येतं आणि तक्रार कुठे करायची. मजकूर हवा असेल तर मी लिहून देतो, आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारी तपासून द्यायला तयार आहेत. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर ती लावायची जबाबदारी माझी, आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींशीही मी बोललोय, त्यांनाही कॉपी हवी आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सेक्रेटरी, एक सहकारी गृहनिर्माण संस्था,
बदलापूर (पूर्व)